मास्तरांना उभं कुणी केलं

ता. ११, मंगळवार

धाकट्या,

आशीर्वाद. सही करायचा कागद ड्रायव्हरच्या हाती पाठवतोस, वर निरोप की ताई, वाचत बसू नकोस? चौथीपर्यंतच शिकले असेन, पण अक्षर लावून वाचते. दोन तास लागले. वाचला. तुझ्या बायकोची कंबर कशी आहे? शेकायला सांग.

कागदात लिहिलंयस, होडी शिकवणाऱ्या पोरीने मास्तरांना गरम शॉवरखाली नेलं. लिहिताना हात अडला नाही तुझा?

आधी तुझं सांगते. रविवारी ते शाळामास्तर नुसत्या सुती शर्टावर होडीत बसले. गार पाण्यात घालायचे रबरी सूट दोरीवर ओले होते. मी म्हटलं, थांबव त्यांना. होड्यांच्या क्लबाचा मालक तू, म्हणालास, ऊन बघ की ताई कसं पडलंय. ऊन वर पडलं होतं रे. पाणी बर्फासारखं होतं. होडी उलटली आणि पाऊण तास ते त्यात होते. तरंगायचं जॅकेट होतं म्हणून बुडाले नाहीत, हेच तू गावभर सांगत सुटलायस.

काठावर आणलं तेव्हा कापत नव्हते. मला वाटलं, चला, गारठा उतरला. पोरगी म्हणाली, कापरं थांबलं हेच वाईट. जीभ जड झाली होती त्यांची. बायकोला कळवू नका, एवढंच परत परत म्हणत होते. तिने त्यांना आडवं केलं, ओले कपडे कापायला कात्री मागितली, होती नव्हती ती ब्लँकेटं मागवली. चोळायचं नाही, चालवायचं तर मुळीच नाही, म्हणाली.

मला तिचा राग आला. बारा वर्षं तुझ्या क्लबात गारठलेलं प्रत्येक माणूस माझ्या न्हाणीघरातून बाहेर पडलंय. बॉयलर एक दिवस थंड पडू दिला नाही मी. लोक म्हणायचे, मावशी, जिवात जीव आला. आणि ही काल आलेली मला शिकवणार? ती पाठमोरी होऊन ॲम्ब्युलन्सवाल्याला फोनवर रस्ता सांगत होती. तेवढ्यात मी मास्तरांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. चालवत नेलं. नळ मी सोडला.

"बरं वाटतंय," म्हणाले. आणि माझ्या अंगावरच कोसळले. परत उठले नाहीत.

हातापायातलं गार रक्त एकदम काळजाकडे धावतं, ते काळजाला सोसत नाही, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सावकाश ऊब द्यायची असते, छातीला, काखेत, आडवं ठेवून. पोरगी तेच करत होती. ती माझ्यावर ओरडलीसुद्धा नाही. काल शिट्टी आणि किल्ल्या परत करायला आली, तर मावशी, जेवलात का, विचारून गेली. तेव्हापासून घास उतरत नाही.

तू मला वाचवायला बघतोयस, कळतंय. बहीण घरची, पोरगी परकी. पण तिचा परवाना जाईल, तुरुंगही होईल, आणि मी तुझ्या घरी सणासुदीला पहिल्या पाटावर बसायचं?

सही करणार नाही. सोमवारी चौकशी आहे. तिथे तू सुटांचं खरं सांगायचं, मी नळाचं सांगेन. येतोस की मी एकटी जाऊ? शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तुझ्या तोंडून ऐकायचंय मला. नाही आलास तर शनिवारी सकाळी मास्तरांच्या बायकोच्या दारात मी उभी असेन, आणि तुझंही सगळं सांगेन.

अजून तरी तुझीच,
ताई