जीप दीपकला द्यावी

हा कागद दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय. लिहायला बसलो की कुठंतरी निघावंसं वाटायचं. आता आईनं जीपची चावी पदराला बांधलीय. म्हणते, "आदी कागद, मग अरुणाचल." म्हणून लिहितो.

मी, ज्ञानेश संभाजी रणवरे, वय सव्वीस, धंदा सध्या ठरलेला नाही, राहणार सणसर, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. डोकं ठिकाणावर आहे, नशापाणी केलेलं नाही, आणि आई सोडून कुणाचा दबाव नाही. वाटेत माझं काही बरंवाईट झालंच, तर मागं असं व्हावं.

कलम एक. घरातला माझा हिस्सा आईला, कौसल्याबाईंना. तंबू आणि स्टोव्ह मोरगावच्या माधवीताईच्या पोरांना. तंबूची चेन अडकते, मेण लावावं. तंबूवरून आठवलं, एकदा कोकणात... ते असो.

कलम दोन. जीप माझा चुलतभाऊ दीपक याला द्यावी. पावसाळ्यापासून तो माझ्याशी बोलत नाही, तरी द्यावी. पुढं कुणी हरकत घेऊ नये म्हणून कारण लिहितो.

जीपमधलं पाणी कमी व्हायचं. रेडिएटर भरून निघालं की काटेवाडीपर्यंत काटा लाल रेघेवर. उभ्या गाडीखाली मात्र थेंब नाही. बारामतीत दोन मेकॅनिक हात टेकून बसले. दीपक लोकांच्या शेतात ठिबक बसवून देतो. तो म्हणाला, "बोअरचं पाणी हाय, गरम इंजिनावर पडलं की वाळतंय. दिसंल कसं? हळद टाक." हळद टाकली, इंजिन तापवलं. पिवळा ओघळ निघाला तो नेमका दीपकनंच मागं रेडिएटरच्या फुटक्या पाइपात बसवलेल्या ठिबकच्या जॉइनरपाशी. थंड असताना गच्च, तापला की प्लॅस्टिक मऊ पडून पाणी सोडायचा.

शेजारचे आबासाहेब म्हणाले, "दीपकराव, इंजिनात ऊस लावलाय का?" सगळी आळी हसली. मी जरा जास्तच.

दीपकनं बारामतीहून नवा रबरी पाइप आणला, क्लिपा आवळल्या, हिरवं कूलंट भरलं. गाडी तापवून काटा मध्यावर थांबलेला बघितला आणि मगच गेला. तो गेला तो गेलाच.

अरुणाचल दोघांनी जायचं ठरलं होतं. मला नुसती गाडी चालवता येते. घाटात ती तापली तर हात कुठं घालायचा, हे त्याला कळतं. जीप अशाच माणसाकडं असावी. अट एकच, परत ठिबकचं काही बसवू नये.

हे कलम आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मेल्यावर गाडी देतूस व्हय त्येला? जित्तेपणी बोलायला काय हुतंय?" कलम खोडलं नाही, साक्षीला आबासाहेबांना हाक मारली.

वरचं सगळं माझ्या हातचं आणि माझ्या मनचं आहे.

ज्ञानेश संभाजी रणवरे (सही)
साक्षीदार: आबासाहेब काळे (सही), सरुबाई काळे (अंगठा)
सणसर, ९ फेब्रुवारी २०२५

ता. क. शाई वाळायच्या आत आई अंगणातून ओरडली, "ज्ञानू, दीपक आलाय रं!" पाठीला पिशवी आहे. आत आला नाही, जीपचं बॉनेट उघडून उभा आहे. खिडकीतून मला विचारतोय, "कूलंट शेवटचं कवा बघितलंस?"