पुलाची फट

दादा, उद्या सकाळी महामार्गाच्या लांब पुलावर मला नारळ फोडायचा आहे. पुलाच्या दोन गाळ्यांमधल्या फटीत सिमेंट भरायचं काम गावकऱ्यांनीच काढलंय, तेही माझ्या भाषणावरून. फटीवरची रबरी पट्टी कधीची उखडलेली. दिंद्रुडची एक बाई नवऱ्यामागे मोटारसायकलवर बसली होती. चाक तिथे आदळलं, ती पडली आणि गेली. निषेधाच्या सभेत मी पेटलो. ही फट नाही, यांची नियत आहे, बुजवा ती, म्हणालो. टाळ्या थांबेनात. राग खोटा नव्हता. पट्टी वेळेत बदलली असती तर ती बाई आज घरी असती. पण मी तुमचा, पूल बांधणाऱ्या इंजिनिअरचा मुलगा.

किल्लारीच्या भूकंपानंतरचे दिवस आठवतात. आपलं सगळं नेकनूर गाव अंगणात झोपतंय, आणि तुम्ही स्वयंपाकघरात सतरंजी अंथरून उपड्या डब्यांवर पाट मांडता. आधी एकमेकांना घट्ट भिडवून. सतरंजी ओढता, तर पाट पाटाला रेटतो आणि रांगच कोलमडते. मग बोटभर जागा सोडून मांडता. पाट डुलतात, पण डब्यांवरच राहतात. लांब पुलाखालची जमीन सगळीकडे एकदम हलत नाही, तुम्ही सांगता. या टोकाला धक्का बसतो तेव्हा त्या टोकाला तो पोचलेला नसतो. म्हणून प्रत्येक गाळा सुटा, रबराच्या उशीवर टेकलेला, आणि खांबाचा माथा इतका रुंद की गाळा सरकला तरी खाली येऊ नये. खांबात सळ्यांभोवती कड्या दाट, म्हणजे खांब तडकेल, पण कोसळणार नाही. आई भाकरी थापत म्हणते, “माजे पाट फुटले तर जेवाय तुमच्या पुलावर बसवीन.” तुम्ही हसता. मजबूत पूल हलावाच कशाला, असं मी विचारलं तेव्हा मात्र चिडलात. “हलू दिला न्हाई तर मोडंल. तुला सगळं ताठच लागतं.”

फट राहायलाच हवी; मागणी नव्या पट्टीची करायला हवी होती. दुपारी त्या बाईच्या नवऱ्याला फोन केला, नारळ फोडणार नाही म्हणालो. तो म्हणाला, “भाऊ, तुमीच म्हणला व्हता बुजवा. आता कावून फिरलात? कुणी भेटलं का?” मी भूकंपाचं सांगू लागलो.

“माजी बायको भूकंपात न्हाई मेली.” एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

सिमेंटच्या गोण्या पुलावर पोचल्यात. त्याच्या दारात जाऊन बसायला हवं, हे कळतं. गाडी बाहेर काढून ठेवली आहे, आणि मी तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर तुम्हाला लिहीत बसलोय, कारण हे पत्र कुठे जाणार नाही आणि तुम्ही उलट काही विचारणार नाही.