राज्यांचे कसले हक्क?

ती. बाबा,

शुगर लँडहून आसावरीचा नमस्कार. आम्ही दोघं मजेत आहोत. तुमचा खोकला कमी झाला का? खरं सांगा.

शनिवारी इथल्या लायब्ररीत अमेरिकन यादवी युद्धाच्या कारणांवर माझं भाषण आहे. आयोजकांनी प्रत आधी मागवली होती. काल ती छापून आली, तर 'गुलामगिरी' हा शब्द सगळीकडून गायब आणि त्या जागी दक्षिणेतल्या राज्यांची ती जुनी सबब, 'राज्यांचे हक्क'! कसले हक्क, बाबा? माणसं विकण्याचे! पळालेला गुलाम उत्तरेतून परत आणायचा असला की हीच दक्षिणेतली राज्यं केंद्राचा कायदा पुढे करायची. तेव्हा उत्तरेतल्या राज्यांचे हक्क कुठे गेले होते?

मला आधी लायब्ररीतल्या बाईंचा संशय आला, मग मराठी मंडळाच्या सुमंतकाकांचा. शेवटी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हे बदल तुमच्याच घरून ईमेलने आले."

तुमच्या जावयाला विचारलं, तर परीक्षितने मान खाली घातली. "पुढच्या महिन्यात ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू आहे, यार. कोणी तक्रार केली तर?"

"तुला कोणी सांगितलंही नव्हतं, आणि तू आपणहून खोडलंस?"



तुम्ही काळजी करू नका. मी मूळ भाषणच करणार आहे. तो येणार का, हे मी विचारलेलं नाही. आज सकाळी त्याने पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. शनिवारसाठी की इंटरव्ह्यूसाठी, कोण जाणे.

आईला नमस्कार सांगा. यातलं बाकी काही इतक्यात सांगू नका.

तुमची,
आसावरी