लिओची मोठी गाडी

बफेलो,
१९ नोव्हेंबर १९७९

प्रिय बर्निस,

तुला आणि दोन्ही पोरींना आशीर्वाद. घरी फोन केला की लिओ उचलतो आणि माझा आवाज ऐकून आपटतो, म्हणून हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. आईचा गुडघा तसाच, बडबडही तशीच.

शनिवारचं तुझ्या नवऱ्याने त्याच्या परीने सांगितलंच असेल. डॉयल नवराबायको त्याची गाडी विकत घ्यायच्या आधी माझ्या गॅरेजात तपासायला घेऊन आले. मी म्हटलं, "गाडीचा मालक माझा मेहुणा, दुसऱ्या कुणाला दाखवा." तर बाई म्हणतात, "मग तर खोड्या तुम्हालाच ठाऊक असतील."

गाडी देखणी आहे गं. इंजिन चालू की बंद, कळत नाही. बाई मागे बसून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, इथे आपली खाट मावेल."

मग गाडी वर चढवून खाली शिरलो. रस्त्यावरच्या मिठाने पत्रा खाऊ नये म्हणून आपल्याकडे सगळेच हिवाळ्याआधी खालून डांबर फासतात, पण धुऊन, वाळवून. लिओने दरवर्षी ओल्यावरच फासलं. मीठ आत कोंडलं. वरून काळंभोर, चकचकीत. हातोडीने ठोकत गेलो. पुढे ठणठण, मागे आवाज बदलला.

मी डॉयलना म्हणालो, "घेऊ नका."

लिओ तिथेच होता. "घरभेद्या," म्हणाला, "आलेलं गिऱ्हाईक घालवलंस. आता बघच, गुरुवारी सणाला हिच्यातूनच सगळ्यांना ईरीला माझ्या आईकडे जेवायला नेतो." खाली येऊन बघ म्हटलं, तर आला नाही. तो लबाड नाही, मी त्याच्यावर जळतो असं त्याला खरंच वाटतं.

इतकं लिहिलं तरी खरं ते लिहायला हात धजत नाही. मागे हातोडी आरपार गेली, बर्निस. पोरी बसतात त्या सीटच्या बरोबर खाली सांगाडा कुजलाय. नुसता ओढला तर पापुद्रे हातात आले. महामार्गावर एक खड्डा पुरे. मला भीती वाटते. डोळा लागत नाही.

त्याच्याशी भांड, अबोला धर, पोरींना ताप आलाय म्हण, पण त्यांना त्या गाडीत बसवू नकोस. बुधवारी संध्याकाळी मी येतोय. त्याने दार उघडलं नाही तर त्याच्या गाडीमागे माझी आडवी लावून आत बसून राहीन. बाहेर काढायची तर आधी मला हलवावं लागेल.

तुमच्या घरी पुन्हा कधी माझं ताट मांडलं नाही तरी चालेल.

पोरींचा मामा,
कॅझ