कोचवर लावलेलं घर

९ जानेवारी
धप्प.
तरुणपणी ऐकलेला तो आवाज आज पहाटे पुन्हा कानात आला. चेंडू आमच्या गोलरेषेपासून वीतभर. समोरच्यांची शेवटची संधी. आणि आमची अकरा पोरं एकाच वेळी त्यांच्यावर आदळली. जिन्यावरून भरलेलं कपाट गडगडावं तसा आवाज. मग क्षणभर सगळं स्टेडियम गप्प, मग बँड. लोरेनाने तेव्हा पहिल्यांदा माझा हात धरला. (आवाजाला दचकून धरला, असं ती लग्नानंतर आयुष्यभर सांगत राहिली. मी कधी मानलं नाही.)

आठवण यायचं कारण पेपरात आहे. आमच्या कॉलेजच्या हेरन्सना, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमला, नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर मिळाला. म्हणजे बचाव फळीचा कोच. नाव ग्रेडी हॉलोवेल. फोटोत जबडा असा, की पाहूनच समोरचा चेंडू गोलरेषेपार नेऊन टचडाउन करायचा विचार सोडून देईल. नाव तर कवितेतच शोभावं असं. ग्रेडी हॉलोवेल. तीनदा मोठ्याने म्हटलं.

जुन्या मित्राला, व्हर्जिलला, फोन केला. म्हणाला, मास्तर, मागच्या चार कोचांच्या वेळीही तू हेच म्हणालास. साफ खोटं. तिघांच्या वेळी. चौथ्याला मी फक्त ‘आशादायक’ म्हटलं होतं.

१० जानेवारी
टूसॉनहून कोरीनचा फोन. मी जिन्यावरून पडल्याचं तिला व्हर्जिलने सांगितलं. खालच्या दोन पायऱ्या. याला पडणं म्हणत नाहीत, लवकर उतरणं म्हणतात. ती म्हणाली, डॅड, बास झालं, घर वीक आणि माझ्याकडे ये. रडलीसुद्धा.

मी शांतपणे अट घातली. येत्या मोसमात हेरन्सनी सहा सामने जिंकले तर मी इथेच राहणार. नाही जिंकले तर घर विकायला काढीन. शब्द दिला. ती म्हणाली, घराचा आणि फुटबॉलचा काय संबंध? आमच्या या हार्लन फोर्क गावात जन्मलेल्या मुलीने हे विचारावं! शिक्षण कुठे कमी पडलं कळत नाही. आठवीत मीच शिकवलं होतं तिला.

मग विचारलं, गेल्या वर्षी किती जिंकले? मी म्हटलं, लाइन तुटतेय. (दोन.)

२ मार्च
योगायोग म्हणावा की वरून आलेला संकेत? हॉलोवेल आमच्याच रस्त्यावर राहायला आले. समोरच्या बाजूला, भाड्याच्या घरात. बेकरीतून पीचचा ‘पाय’, म्हणजे फळ भरून भाजलेला गोड पदार्थ, आणला, लोरेनाच्या निळ्या बशीत काढला, घरचा वाटावा म्हणून कड जरा मोडली आणि नेऊन दिला. सोबत रात्रभर जागून केलेली कविता (जांभळा हा आमच्या टीमचा रंग):

उठा ग्रेडी, बांधा पुन्हा पोलादाची भिंत,
तुम्ही असता हेरन्सना कशाची ती खंत!
येवो कुणी वळूसारखा, येवो वादळवारा,
गोलरेषेवरी उभा जांभळा पहारा.

ते फोनवर होते. बशी घेतली, म्हणाले, थँक यू सर. कविता खिशात ठेवली. पँटच्या मागच्या खिशात, पण ठेवली जपून.

१९ एप्रिल
आपसातला सराव सामना. आमच्या बचाव फळीने एकही टचडाउन होऊ दिला नाही! व्हर्जिल म्हणाला, समोर आपलीच पोरं होती मास्तर, म्हणजे आपल्याकडे चेंडू पुढे नेणारं कुणी नाही. या माणसाने जन्मभर पोस्टमन म्हणून लोकांची बिलं वाटली. त्याचा स्वभावावर परिणाम होतोच.

या मोसमाचे संकल्प:
टीका करायची नाही.
रेडिओच्या कार्यक्रमाला फोन करायचा नाही.
प्रेशरची गोळी सामन्याच्या आधी घ्यायची, नंतर नाही.

३० ऑगस्ट
जिंकलो! पहिलाच सामना!
गुडघ्यांमुळे व्हर्जिल आणि मी आता स्टेडियमच्या पायऱ्या चढत नाही. माझ्या स्वयंपाकघरात टीव्हीवर बघतो. स्टेडियम मागच्या गल्लीपलीकडे, त्यामुळे खिडकीतून लोकांचा आवाज आधी येतो आणि टीव्हीवर ती गोष्ट नंतर घडते. आरोळी आली की समजायचं, आपलं काहीतरी भलं झालं. खिडकी गप्प, तर समोरच्यांचा टचडाउन. लोरेना म्हणायची, या घरात देवाच्याही आधी निकाल कळतो. असं घर विकायचं!

निर्णायक क्षणी मी सिंकपाशी उभा राहून डब्यातले पीच खात होतो. आता प्रत्येक सामन्याला उभं राहूनच खावे लागतील. पायांना त्रास होईल. हरकत नाही.

६ सप्टेंबर
दुसराही जिंकलो. व्हर्जिल म्हणाला, समोरच्यांचा चेंडूला लाथ मारणारा किकर मध्यंतरात बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होता, अशा कॉलेजला हरवून काय मिरवायचं? मी कोरीनला कळवलं, पाहुण्यांची खोली रंगवायची घाई करू नकोस. ती म्हणाली, रंगवून झाली डॅड. फिकट पिवळी.

२० सप्टेंबर
हरलो. ४१–३८. आमच्या पोरांनी अडतीस केले, तरी हरलो. बचाव फळीचा खेळ, पहिला अर्धा भाग आणि दुसऱ्या भागाची सुरुवात व शेवट सोडला, तर भक्कम होता.

२१ सप्टेंबर
सकाळी पडदा सारला तर हॉलोवेलांच्या हिरवळीवर पाच पाट्या. ‘घर विकणे आहे.’ आमच्या गावची ही जुनी खोड. टीम हरली की लोक गावभरातून घरदलालांच्या पाट्या उपटतात आणि कोचच्या दारात रोवतात. म्हणजे कोचने समजायचं, गाव सोडा. आधीच्या कोचच्या बायकोने वैतागून त्या पाट्यांवर टॉवेल वाळत घातले होते.

दोन सामने जिंकून देणाऱ्या माणसाशी असं वागायचं? चपला घालून गेलो, पाचही उपटल्या आणि माझ्या गॅरेजमध्ये ठेवल्या. सोमवारी ज्याच्या त्याच्या ऑफिसात पोचवीन.

२९ सप्टेंबर
सोमवार. पावसाची चिन्हं. पाट्या पुढच्या सोमवारी.

५ ऑक्टोबर
काल पुन्हा हरलो. परगावी. आज सात पाट्या. शेवटची उपटत होतो, खोल रोवली होती, तेवढ्यात हॉलोवेल पेपर घ्यायला बाहेर आले. समोर मी, जांभळा स्वेटर, हातात पाटी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. म्हणाले, गुड मॉर्निंग सर. आणि दार लावून घेतलं.

आभार मानायला शब्द सापडले नसणार. आमच्यात आता न बोलता समजण्याइतकी जवळीक झाली आहे.

१२ ऑक्टोबर
काल घरी खेळून ५२–४९ ने जिंकलो. एकूण तीन. एकोणपन्नास खाल्ले, हे खरं, पण किती वेळ घेऊन खाल्ले ते बघायला हवं. व्हर्जिल म्हणाला, तुझी ती पोलादाची भिंत, तिला दार ठेवलंय की फाटकच नाही बसवलं?

१९ ऑक्टोबर
हरलो. रेडिओला फोन केला. संकल्प माझ्या स्वतःच्या नावाने फोन न करण्याचा होता, असा त्याचा अर्थ निघतो. मी सांगितलं, मी टल्सा येथील एक त्रयस्थ प्रेक्षक बोलतोय, कोच हॉलोवेलना वेळ द्या, बचाव ही कवितेसारखी गोष्ट आहे, पहिल्या वाचनात कळत नाही. तर तो निवेदक म्हणतो, प्रुइट मास्तर, आवाज ओळखला हो, सातवीत मला हात मागे बांधून सगळ्या वर्गापुढे कविता म्हणायला उभं केलं होतंत, मी मध्येच विसरलो, आठवतंय? आणि मग त्याने तीच कविता साऱ्या गावाला म्हणून दाखवली. शेवटपर्यंत. तीही चुकीच्या चालीत.

९ नोव्हेंबर
लागोपाठ दोन जिंकलो! पाच झाले! मध्ये एक हरलो तो धरायचा नाही, पाऊस होता. आता एकच हवा. सामने मात्र दोनच उरले.

पीच उभ्यानेच चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, साखर वाढली, गोड काय खाता? मी म्हटलं, डॉक्टर, तुम्हाला बचाव फळीतलं काय कळतं?

१६ नोव्हेंबर
हरलो. काही लिहायचं नाही.
पाट्या: अकरा. त्यातली एक दंतवैद्याची होती. लोक घाईत काहीही उपटतात. गॅरेजमध्ये आता गाडी मावत नाही, बाहेरच उभी करतो.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
कोरीन आली. टर्की तिने केली, जरा कोरडी, मी स्तुती केली. जेवताना सहज म्हणालो, एप्रिलमधला सराव सामनाही तांत्रिकदृष्ट्या विजयच होता. ती म्हणाली, डॅड, तू शब्द दिलायस. मी म्हटलं, मी फक्त माहिती देतोय.

नंतर ती जिना चढताना कठडा धरून उभी राहिली. म्हणाली, ममा गेल्यापासून रात्री फोन वाजला की मला वाटतं तुझ्याबद्दलच असणार. मी भांडी पुसत होतो. पुसतच राहिलो.

२९ नोव्हेंबर
हे नीट लिहून ठेवतो.

शेवटचा सामना, घरचा. आम्ही चार गुणांनी पुढे. घड्याळात एकाच खेळीपुरता वेळ. चेंडू त्यांच्याकडे, गोलरेषा दूर. आमच्या पोरांनी फक्त अडवायचं. मी सिंकपाशी, व्हर्जिल टेबलाशी, कोरीन दारात.

टीव्हीवर अजून दोन्ही टीमा रांगेत उभ्याही राहिल्या नव्हत्या, आणि खिडकी गप्प झाली.

व्हर्जिलने माझ्याकडे पाहिलं नाही. कोरीनला त्या शांततेचा अर्थ माहीत होता, ती याच स्वयंपाकघरात वाढली. म्हणाली, बंद करू का रे? मी म्हटलं, थांब. टीव्हीवर आम्ही अजून जिंकत होतो. पोरं गुडघे वाकवून उभी होती, श्वासाची वाफ दिसत होती, हॉलोवेल कडेला उभे राहून हाताने मागे व्हा, मागे व्हा म्हणत होते. मला वाटतं या घरातून मी इतकं मन लावून काहीच पाहिलं नसेल.

मग पोरं मागे झाली. फारच मागे झाली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
पंचांच्या निर्णयाविरुद्ध तक्रार होऊ शकते, निकाल वसंतापर्यंत लागणार नाही, तोवर घराचं पुढे ढकलू, अशी मांडणी तयार केली होती. तोंड उघडणार तेवढ्यात, गॅरेजमध्ये खुर्च्या ठेवायला गेलेली कोरीन परत आली. डोळे भरलेले. गळ्यात पडली. म्हणाली, डॅड, मला वाटलं होतं तू ऐन वेळी पलटी मारशील, आणि तू तर आधीच एवढ्या पाट्या आणून ठेवल्यास!

काय सांगायचं? चोरीच्या आहेत? वर्षानुवर्षं तिने मला असं घट्ट धरलं नव्हतं. मी म्हटलं, हो, म्हटलं निवडायला बऱ्या.

व्हर्जिल म्हणाला, मास्तरांचं काम नेहमी असंच, पंधरावीस पाट्या हाताशी असाव्या लागतात. आणि उरलेले पीच खाऊन टाकले. बसून.

३ डिसेंबर
आमच्या हिरवळीवर पाटी लागली. खरी. त्या ढिगातलीच एक कोरीनने निवडली, जिच्यावरच्या फोटोतल्या दलाल बाई जास्त हसऱ्या होत्या. बाई आल्या, म्हणाल्या, अरेच्चा, ही पाटी तर मी सप्टेंबरपासून शोधतेय. कोरीन परत गेली. जानेवारीत न्यायला येणार.

नवा संकल्प: फुटबॉल संपलं. पेपर बंद केला. रेडिओ कपाटात ठेवला. हेड कोचला काढलं म्हणे, व्हर्जिल सांगायला लागला, मी कानांवर हात ठेवून कविता म्हणू लागलो. कोण येतं, कोण जातं, मला कर्तव्य नाही. हॉलोवेलही गेलेच असतील. त्यांच्या दारात खोकी दिसतात. निरोप घ्यायला आले नाहीत. संकोच वाटत असेल.

८ डिसेंबर
घर बघायला दोन कुटुंबं येऊन गेली. एका बाईंना स्वयंपाकघराची खिडकी बुजवून तिथे फ्रीज ठेवायचाय, कारण गोंगाट येतो. मी म्हटलं, पाऊस झाला की तळघरात पाणी येतं. येत नाही.

व्हर्जिल तळलेला मासा घेऊन आला. बराच वेळ बसला. उठताना म्हणाला, तू गेल्यावर मी भांडू कुणाशी? बायकोशी? ती जिंकते.

११ डिसेंबर
दलाल बाईंचा सकाळी फोन. आवाज नाचत होता. मिस्टर प्रुइट, गिऱ्हाईक पक्कं आहे, रस्त्यावरूनच घर पसंत केलंय, त्यांना स्टेडियमजवळच हवं होतं, मोठा करार झालाय त्यांचा, इथेच स्थायिक होणार, आज येतील, कृपा करून तळघराचं काही बोलू नका.

ठरवलं: मान ताठ. चहा-कॉफी नाही. एकेक खोली मी दाखवीन तेवढीच बघायची, आणि स्वयंपाकघर शेवटी. कोणीही आलं तरी या घरात असं सहज घुसू द्यायचं नाही. दोन्ही पाय रोवून दारात उभा राहिलो. बेल वाजली.

ग्रेडी हॉलोवेल. हातात मोजपट्टी.

म्हणाले, अरे सर, तुम्हीच का! मला हेड कोच केलं, ऐकलं असेलच. गेल्या वर्षी दोन विजय, यंदा पाच, कॉलेजचं मंडळ खूश आहे. पाच वर्षांचा करार. बायको म्हणते, आता भाड्याचं घर पुरे. मग आमच्या हिरवळीवरच्या पाटीकडे वळून हसले. म्हणाले, आता ती तुमच्याकडे लागली होय?

मी दोन्ही हात चौकटीला लावले. गुडघे वाकवले. नजर त्यांच्या कमरेवर, अगदी बचावाच्या पुस्तकात सांगतात तशी.

ते माझ्या डावीकडून सरळ आत गेले.