सांध्याखालचा फुटवा

प्रिय शैलेश,

तुझा निरोप शेजारच्या पारूने दिला. पौषात प्रदर्शनवाले वाडी बघायला येणार, तेव्हा विहिरीजवळच्या चिकूची छाटणी यंदा जरा लवकर करावी, आणि ती मीच करावी. दुसऱ्या कुणाचा हात त्या झाडाला तुला चालत नाही. ऐकून बरं वाटलं. दसरा झाला की माझी कात्री पिशवीत राहत नाही; माहीमपासून केळव्यापर्यंत घरोघरची बोलावणी असतात. परवा उमरोळीला एका शहाण्याने थंडीच्या तोंडावर आंब्याचे शेंडे छाटलेले पाहिले. आता मोहोर कुठून येणार? लोक झाडं लावतात, पण त्यांच्याकडे बघत नाहीत.

तू तरी कुठे बघतोस? आपल्या साखरपुड्याच्या दिवशी बाबांनी ते कलम बांधलं, आठवतं? मुलगी सासरी जाण्याआधी तिथल्या वाडीत आमच्या चिकूची काडी जाते, ही आमच्या घरची रीत. खालचं खिरणीचं रोप तुझ्या वडिलांचं, वरची काडी आमची. सुतळी तू धरली होतीस. बाबा म्हणाले, "सांध्याखालून फुटंल ते खिरणीचं. दर साली काढायचं, नायतर ते वरच्याला खाऊन टाकील." तू मान डोलावलीस. तुझं लक्ष माझ्याकडे आहे असं मला तेव्हा वाटलं होतं.

पुढे तू बोईसरला कंपनीत लागलास, साहेबांची मुलगी उन्नती तुला आवडली आणि आपली सोयरीक मोडली. ते मी गिळलं. लग्न मोडल्याने कुणी मरत नाही. पण त्याच साली वादळात आमचा जुना चिकू उन्मळून पडला, आणि बाबांच्या हातचं वाण उरलं ते फक्त तुझ्या विहिरीजवळ. बाबा एक काडी मागायला तुझ्याकडे आले. तू दिली नाहीस. वर झाडावर पाटी लावलीस, 'उन्नती चिकू'. नंबर लागला की याची रोपं विकणार, असं बाबांना तोंडावर सांगितलंस. घरी येऊन ते ओटीवर बसले आणि एवढंच म्हणाले, "नाव तरी इचारायचं होतं." मग त्यांनी पुन्हा कात्री हातात घेतली नाही. ते गेले तेव्हा तू हार घेऊन आलास आणि निघताना मला विचारलंस, आता झाडाचं कोण बघणार? मी म्हटलं, मी बघेन.

आणि बघितलं. दर वर्षी आले. उन्नती चहा देते, चांगला करते, तिच्यावर माझा राग नाही. मी सांध्याखालचा एक फुटवा राखला आणि त्याला ऊन मिळावं म्हणून वरच्या चिकूची फांदी काढली. पुढच्या साली आणखी एक. कापावर लेप मात्र नीट लावला. वाईट काम मी कधी केलं नाही. पहिल्या खेपेला रडू आलं, खोटं कशाला सांगू. नंतर करवत चालवताना गोड वाटायला लागलं. तू रविवारी खाटेवरून म्हणायचास, "सुलू, झाड काय भरलंय, हाय का नाय?" भरलं होतंच. फळ कमी का, म्हणालास, तर झाड विसावा घेतंय म्हणून सांगितलं. तुला तेही पटलं. छाटलेल्या फांद्या मी पिशवीत भरून नेत होते, आणि तू म्हणायचास, बरं झालं, कचरा गेला.

म्हणून हे पत्र. यंदा मी येणार नाही, कारण चिकूची शेवटची फांदी मी मागच्या छाटणीलाच घरी आणली. तुझ्या विहिरीजवळ उभी आहे ती तुझ्या वडिलांची खिरणी. एक पान तोडून बघ, टोकाला खाच दिसेल. प्रदर्शनवाल्यांना ती लांबूनच दिसेल, आणि तुझी पाटी ते मोठ्याने वाचतील. त्यांनी चिकू मागितला तर त्यांना आमच्याकडे पाठव. त्या कचऱ्याच्या काड्या मी आमच्या परसात खिरणीवर बांधल्या, आणि यंदा सगळ्यांना फळ धरलंय. प्रदर्शनात बाबांचं नाव घातलंय, 'कमलाकांत'. तुला त्याची एखादी काडी हवी झाली तर ये, ओटीवर बस आणि माग. मी नाही म्हणणार आहे, पण तू मागायला ये.

बाबांचीच,
सुलू