आत घेऊन बांधलेली भिंत

प्रिय धाकट्या,

कविता शिकवताना मास्तर टेबलावर पट्टीने ताल धरायचे, तो टक् टक् आवाज आठवतो का रे तुला? दोन वर्गांमधली भिंत इतकी पातळ, की आमची कविता तुमच्या वर्गात पाठ व्हायची आणि घरी येऊन तू मलाच चुका दाखवायचास. पुढे मोजणीदार झालो तरी तो ताल काही सुटला नाही. साखळी टाकत बांधावरून जाताना मी कड्या मोजायचो त्या त्याच ठेक्यावर. हाताखालची माणसं आपसांत हसायची, साहेब जमीन मोजतायत की वृत्त! मलाही हसू यायचं. त्या दिवसांत मला कशाचंही हसू यायचं.

माझ्या कामातलं तुला कधी नीट सांगितलं नाही. लोकांना वाटतं, नकाशा उलगडला, फीत धरली की जागेचा कोपरा हजर. तसं नसतं. हद्दीचा दगड कुणाच्या पायरीखाली गेलेला असतो, नाहीतर कुणीतरी कपडे धुवायला उचलून नेलेला असतो. मग जुनी भिंत, जुनं कुंपण यांना साक्षीदार मानायचं. ज्यांनी ते घातलं त्यांनी मूळ दगड डोळ्यांनी पाहिला असेल, हा त्यामागचा भरवसा. पण साक्षीदाराची उलटतपासणी करायची असते: कुणी घातलं, कधी, आणि कशाला धरून? गुरं अडवायला घातलेलं कुंपण हद्द सांगत नाही, फक्त गुरं कुठवर यायची तेवढं सांगतं. हे मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. आता माझं स्वतःचं ऐक.

तू जागा घेतलीस आणि मोजायला मलाच बोलावलंस, त्याला चौतीस वर्षं झाली. मागचा दगड सापडेना. समोर शेजारच्या गवंड्याच्या बापाने बांधलेली ती दगडी भिंत उभी होती. शेवाळलेली, फटीफटींतून इवली पानं डोकावणारी. पाहताक्षणी मी हरखलो. शाळेत एक कविता होती, भिंतीत उगवलेल्या रोपट्याला एक मुलगी रोज ओंजळभर पाणी घालते. मला तीच आठवत राहिली. इतकं जुनं काही खोटं कसं बोलेल? फीत म्हणत होती, नकाशात शंभर हात आहेत आणि भिंत त्याहून अडीच हात पुढे आहे. मी म्हटलं, जुनी साखळी, कड्या झिजून लांबलेली असणार, तिनं कमीच मोजलं असेल. त्याच साखळीने घेतलेलं रस्त्याकडचं माप मात्र बोटभरही चुकत नव्हतं, म्हणजे साखळी लांबलेली नव्हतीच. ते मी पाहिलं, आणि पुढे गेलो.

गवंडी तेव्हा शेजारी उभा राहून सांगत होता की साहेब, भिंत हद्दीवर नाही, बापाने ती अडीच हात आत घेऊन बांधलीय; बाहेरून गिलावा करायची वेळ आली तर शेजाऱ्याच्या जागेत पाय ठेवावा लागू नये म्हणून. तो म्हणायचा, गवंड्याने भिंतीच्या दोन्ही बाजू आपल्याच जागेत ठेवाव्यात. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो होतो, अरे, स्वतःची जमीन अशी वाऱ्यावर कोण सोडतं? तुम्ही सगळे हसलात. तोही हसला बिचारा, साहेबांपुढे काय करणार. कुंपण शेत खातं म्हणतात ना, तसं त्या भल्या माणसाच्या भलेपणानेच त्याची जागा खाल्ली, आणि कागदावर सही माझी.

पुढचं तुला माहीत आहे, पण आपण दोघं ते कधी बोललो नाही. तू भिंतीपासून हातभर सोडून स्वयंपाकघर चढवलंस. तुझ्या वळचणीचं पाणी वर्षानुवर्षं त्या फटीत पडत राहिलं. गवंडी तुझ्याकडे आला, निदान पन्हळ लाव, नाहीतर मला एकदा आत येऊन बाहेरची बाजू सावरू दे. तू म्हणालास, हद्द दादाने मोजलीय, त्याला विचार. तो माझ्या कचेरीत आला, बाकावर दुपारभर बसला. मी मान वर न करता म्हटलं, मोजलं ते मोजलं. दोन पावसाळ्यांनंतर भरदिवसा तो आतून भिंतीला टेकू लावत होता, आणि भिंत त्याच्यावरच बसली. आपण दोघं प्रेताला गेलो होतो. परतताना तू म्हणालास, गवंड्याची स्वतःची भिंत, नशीब एकेकाचं. मी नुसतं हुं म्हटलं. त्या हुंकाराच्या आधी, आदल्याच संध्याकाळी, मी कचेरीत जुनी मोजणीवही काढून रस्त्याकडचं माप पुन्हा पाहून आलो होतो. तेवीस वर्षं मी ते हुं गिळून बसलोय.

गेल्या आठवड्यात तू मुलाकडे गेला होतास, तेव्हा ठेवायला दिलेल्या किल्लीने मी तुझ्या परसात शिरलो. माझं वय पाहता पहार कशी पेलली, कोण जाणे. स्वयंपाकघर संपतं त्याच्या पुढच्या कोपऱ्यात, पडलेल्या भिंतीच्या पायापासून अडीच हात तुझ्या बाजूला, गुडघाभर खाली दगड लागला. डोक्यावर फुलीची खूण, कोरल्यासारखी ताजी. वर पाहिलं तर पलीकडच्या दारात गवंड्याची बायको उभी. आणि मी काय केलं असेल? माती लोटून दगड पुन्हा झाकला आणि मान खाली घालून घरी आलो.

म्हणून हे पत्र. गुरुवारी तू घर विकतोयस. घेणारा पाया खणेल, दगड उखडून फेकेल, मग त्या बाईची जागा देवालाही सापडायची नाही. तीनदा लिहून फाडलं. कारण तिन्ही वेळा शेवटी मी तुझीच परवानगी मागत होतो, की धाकट्या, खरं सांगू का? या चौथ्या पत्रातही तेच मागणार होतो. पण एवढ्यात दार वाजलं म्हणून उठलो. तेवीस वर्षांत माझा उंबरा न चढलेली ती, गवंड्याची बायको, दारात उभी होती. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, साहेब, सापडलेला दगड परत का पुरलात? तिला आत बसवलंय. हे पत्र आता आधी ती वाचेल, आणि तुझ्या हातात देईल तेही तीच. परसातला दगड आम्ही दोघं मिळून पुन्हा उघडा करून ठेवू. रागावलास तरी ये.

तुझाच,
दादा